अर्धा गोंधळ

"सुरू झालं का गं?" आबांनी परत विचारलं.

"नाही. अवकाश आहे अजून."

"फोन लावून बग की."

"आत्ताच लावला होता. नाशकात पाऊस लागलाय म्हणे, अर्धं पब्लिक यायचंय. तोवर दोन घास खाऊन घ्या."

"आता कसं खाऊ? हाक मारतील की आता."

मी ताट परत झाकून ठेवलं. नाटक होतं नाशिकला आणि आबा बसले होते बार्शीत, आमच्या पत्र्याच्या खोलीत, समोर चौक मांडून. पाटावर नवं कापड, तांदूळ, कलश, विड्याची पानं, नारळ. शेजारी दिवटी, तेलाची बुधली आणि वाटीत दूध. तिकडं थेटरात पडदा उघडला की इकडं आबांनी दिवटी पेटवून हात जोडायचे. तिकडं नाटक संपलं की इकडं उठून आरती म्हणायची, दिवटी दुधात शांत करायची आणि मगच जेवायचं. साखरेचा पेशंट माणूस. डॉक्टर म्हणायचे, यांना तीन तासांच्या वर उपाशी ठेवू नका. मी म्हणायचे, तुम्हीच सांगून बघा त्यांना. शनिवार-रविवार मला नको वाटायचा, कारण नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी असायचे आणि नाटक मेलं चांगलं चाललं होतं.

हे लचांड आलं माझ्याच दुकानातून. मी ब्लाउज शिवते. माहेरीच राहते, का राहते ते सांगत बसत नाही. एके दिवशी दुकानात पुण्याचे कौस्तुभ सर आले. नाटकाचे दिग्दर्शक. त्यांना गोंधळ्याचा पायघोळ झगा शिवून हवा होता, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही बाई गोंधळ्याचीच लेक आहे. बरोबर होता अभिनंदन शहा. आमच्या बार्शीचाच, कापड दुकानवाल्या शहांचा थोरला. घरच्यांनी गल्ल्यावर बसवायचा खूप प्रयत्न केला, पण हा पुण्याला जाऊन नाटकात पडला. नाटकात गोंधळी तोच होणार होता.

"ताई, झगा तुम्ही शिवाल, पण गोंधळ कोण शिकवेल?" सरांनी विचारलं.

मी आत बोट दाखवलं. आत आबा संबळाच्या वाद्या आवळत बसले होते.

आबांना तोवर बोलावणी कमी झाली होती. पूर्वी लग्न झालं, जावळ झालं की ज्या घरांत गोंधळाचा कुळाचार, ती घरं आबांना सांगावा धाडायची. रात्रभर चालायचं ते. आधी गावोगावच्या देवांना एकेकाचं नाव घेऊन गोंधळाला बोलवायचं, मग कथा लावायची, आणि शेवटी आरती करून ज्याला त्याला आपापल्या ठिकाणी लावून द्यायचं. आता लोक तासाभरात उरका म्हणतात. माझा धाकटा भाऊ अंबादास, त्यानं संबळाला कधी हात लावला नाही. शाळेत पोरं त्याला 'जोगवा वाढा' म्हणून चिडवायची. तो जो चाकणला कंपनीत गेला तो गेलाच. त्याला मी दोष देत नाही. चिडवणं मीही ऐकलंय.

तर आबा शिकवायला बसले. अभिनंदन रोज सकाळी आंघोळ करून यायचा, मांडी घालून बसायचा. आबा शिकवताना कडक.

"आवाज नरड्यातनं काढू नगंस. बेंबीपासनं काढ."

"आबा, बेंबीपासून काढला की दम लागतोय."

"लागू दे. देव काय शेजारच्या घरात बसल्यात व्हय? लांबनं यायच्यात."

सर म्हणाले होते, नाटकात फक्त सुरुवातीचं देव बोलवायचं तेवढंच आहे, तेवढंच शिकवा. आबांनी साफ नाही म्हटलं. अर्धवट शिकवायची रीत न्हाय आमच्यात. म्हणून पोरगा सगळं शिकला, बोलावण्यापासून आरतीपर्यंत, दिवटी दुधात कशी शांत करायची तिथपर्यंत. पण एक दिवस त्यानं खुंटीवरच्या कवड्यांच्या माळेकडे बघितलं तेव्हा आबांनी स्पष्टच सांगितलं, "ती न्हाय मिळायची. ती घातली की मानूस गोंधळी हुतो. नाटकासाठी तुळजापुरातनं इकत घ्या." सरांनी विकत घेतली.

पहिला प्रयोग बार्शीतच झाला. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. आबांना शाल दिली, नारळ दिला, सरांनी सगळ्यांसमोर पायाला हात लावला. जाहिरातीतही आबांचं नाव होतं. माणसानं आणखी काय करायचं? पडदा उघडला आणि अभिनंदन हातात पेटती दिवटी घेऊन उभा. पहिली हाक दिली. अगदी आबांचा आवाज, तरणा झालेला. आबांचे डोळे भरून आले होते. पुढं नाटक दोन भावांच्या जमिनीच्या भांडणाचं होतं. चांगलं होतं. शेवटी थोरला भाऊ धाकट्यावर हात उगारतो, आणि गोंधळी पुढं येऊन पेटती दिवटी धाडकन वाळूच्या बादलीत खुपसतो. सगळा अंधार. संपलं.

त्या अंधारात आबा उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आरं, आरती?"

मागचे चार लोक हसले. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आबांचं बोलणं त्यात गेलं.

घरी येऊन मी पान वाढलं. ते काही जेवायला बसेनात.

"काय झालं आता? एवढा मान केला त्यांनी."

"मानाचं काय करायचंय, तुळसे? बोलावलं की गं समद्यास्नी. माज्याच तोंडचं बोलावणं. आता ती समदी तिथं थेटरात हुबी असतील. अंदारात. ना कुनी जा म्हनलं, ना कुनी वाट दावली."

मला आधी हसू फुटलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते ओसरलं. पाहुण्यांना आवतण देऊन घराला कुलूप लावून निघून जावं, तसं त्यांना झालं होतं. त्याच वेळी त्यांनी पाट घेतला, चौक मांडला, आरती म्हटली, दिवटी शांत केली. मग जेवले. मला वाटलं, एकदाचं झालं. कसलं काय! पुढच्या आठवड्यात विचारतात कसे, "आता कुठं हाय परयोग?"

तेव्हापासून हे सुरू. कोल्हापूर, सांगली, नगर, जिथं असेल तिथं. मॅनेजरला फोन लावून मी विचारायचे, सुरू झालं का, संपलं का. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला कौतुक आहे.

दसऱ्याला अंबादास आला. त्यानं आबांची अवस्था बघितली आणि भडकलाच.

"ही चोरी आहे, अक्का! सरळ चोरी. आपल्या बापजाद्यांनी दारोदार फिरून हे जपलं. लोकांनी हिणवलं. मला नाव पाडलं होतं वर्गात. आणि आता हे शहाचं पोरगं तेच म्हणतंय तर टाळ्या? पेपरात फोटो? केस करू आपण."

"कुणावर करणार? आबांनीच शिकवलंय."

"आबांना काय कळतंय? भोळा माणूस."

"मला समदं कळतंय," आबा आतून म्हणाले. "चोरी कशाची? देवीचं हाय, कुनी बी म्हनावं. मी दिलं, त्यानं घेतलं."

"मग उपाशी का बसता?"

"ते येगळं."

"काय वेगळं?"

अंबादास रात्रीच्या गाडीनं परत गेला, चाकणला शिफ्ट होती म्हणून. जाताना मला म्हणाला, तू त्या नाटकवाल्यांशी बोल, तुझी ओळख आहे. म्हणजे झालं. फिरून फिरून सगळं माझ्याच गळ्यात. खरं सांगते, मला ना चोरीशी देणंघेणं होतं, ना कलेशी. मला माझा बाप वेळेवर जेवायला हवा होता.

दिवाळीनंतर एका शनिवारी आबा आरती म्हणता म्हणता पडले. साखर उतरली होती. दातखीळ बसायच्या आत मी तोंडात साखर कोंबली, रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले. पुढच्या वेळी एवढ्यावर भागायचं नाही म्हणाले.

नाटक सोलापूरला आलं तेव्हा मी शेजारणीला आबांपाशी बसवलं आणि एसटी पकडली. दुपारचा प्रयोग होता. सर थेटरात लाइटवाल्याशी बोलत होते. मला पाहून लगेच खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "सर, फक्त आरती घाला शेवटी. दोन मिनिटांचं काम. अभिनंदनला येते."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "ताई, तुम्ही नाटक पाहिलंय. ते भांडण मिटत नाही. तुमच्या-माझ्या गावात मिटत नाही म्हणून मी ते केलं. शेवटी आरती झाली की लोक हात जोडणार, प्रसन्न होऊन घरी जाणार. मग मी सांगितलं काय?"

"मग सुरुवातीचं बोलावणं काढा."

"ते काढलं तर नाटकच उभं राहत नाही."

"म्हणजे बोलवायचं तेवढं, आणि सोडायचं तसंच."

त्यांचा चेहरा पडला. "मी काय चोरून आणलं का? परवानगी घेतली, नाव दिलं, मान दिला. कला एका जातीच्या घरात कोंडून ठेवली की मरते, ताई. तुमचा भाऊ तर शिकलाही नाही. अभिनंदन शिकला म्हणून ती आज इतक्या लोकांपर्यंत गेली. ही देवाणघेवाण नाही तर काय आहे?"

"चोरलं असं मी म्हणतच नाही हो," मी म्हटलं. "तुम्ही अर्धं नेलंत. सगळं नेलं असतंत तर काही म्हणणंच नव्हतं. उरलेलं अर्धं म्हातारा एकटा ओढतोय."

माणूस वाईट नव्हता, त्याचं म्हणणंही मला थोडं पटत होतं, आणि त्याचाच मला जास्त शीण आला. वाईट माणसाशी भांडायला बरं असतं. शेवटी ते म्हणाले, विचार करतो. हे मी गिऱ्हाइकाला ज्या आवाजात 'बघते' म्हणते, त्याच आवाजात म्हणाले.

प्रयोग मी बघितला नाही. बाहेर पायरीवर बसून राहिले. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा आत गेले, कारण अभिनंदनचा झगा बगलेत उसवलाय असं मॅनेजर सकाळी फोनवर म्हणाला होता. आलेच आहे तर टाके घालून द्यावेत. मेकअपच्या खोलीत तो नव्हता. सामान सांभाळणारा माणूस म्हणाला, "मागं असेल, टाकीपाशी. त्याचं ते रोजचं असतं. दिवटीच्या चिंध्या नासवून ठेवतो साहेब, दुधाचा वास जाता जात नाही."

मी मागच्या दारानं बाहेर गेले. ऊन अजून होतं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला अभिनंदन झगा घालून, पायात काही न घालता उभा होता. वाळूतली दिवटी झटकून, परत तेल घालून पेटवली होती. ओठांतल्या ओठांत आरती चालली होती. पूर्ण म्हटली. मग गावांची नावं एकेक घेत गेला, आबा घेतात त्याच क्रमानं, आणि चहाच्या पेल्यातल्या दुधात दिवटी शांत केली. वळला तर समोर मी.

"अक्का!"

"हे कधीपासून?"

"बार्शीपासून." तो चोरी पकडल्यासारखा उभा होता. "आबा उठून म्हणाले ना, आरती? मी अंधारात स्टेजवरच होतो. ऐकू आलं मला. तेव्हापासून कुठलाच प्रयोग चुकवला नाही."

"सरांना माहीत आहे?"

"नाही. त्यांना वाटतं मी सिगरेट ओढायला येतो."

"अरे मग आबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझ्या गळ्यात माळ नाही, अक्का. आबा म्हणाले असते, तुझ्या हातून ते होत नाही. मग मी हेही बंद करायचं का? बोलावतो तर मीच की. माझी मलाच लाज वाटायला लागली होती."

मी टाकीच्या कट्ट्यावर बसले. "म्हातारा तिकडं घरी चौक मांडून बसतो रे. प्रत्येक प्रयोगाला. नाटक संपून आरती होईपर्यंत जेवत नाही. मागच्या महिन्यात दवाखान्यात होता."

त्यानं हातातला पेला कट्ट्यावर ठेवला. त्याला खरंच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं त्याला. मॅनेजरला वाटत होतं कौतुक, सरांना वाटत होतं सिगरेट. आणि ही दोन माणसं दोन गावांत त्याच देवांना दोनदा निरोप देत होती. मला रडू यावं की संताप, कळेना. रडलेच शेवटी. झगा तसाच उसवलेला राहिला.

घरी पोचले तेव्हा आबांचं जेवण नुकतंच झालं होतं. मी पाण्याचा तांब्या भरून त्यांच्यापुढं बसले आणि सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक विचारायला लागले.

"दूद कसलं हुतं?"

"पिशवीतलं. चहावाल्याकडचं."

"चालतंय. आरती पुरी म्हनली?"

"पुरी."

"नावं? समदी घेतली?"

"तुमच्याच क्रमानं."

"आन जेवला व्हता का आदी?"

"नाही. तो दुपारपासून काही खात नाही म्हणाला. सगळं झालं की मग."

आबा बराच वेळ बोटांनी चादरीचा काठ चाचपत राहिले. "मग बराबर हाय," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "मग माजं काय काम ऱ्हायलं?"

"आता तुम्ही शनिवारी वेळेवर जेवायचं, हे काम."

"बरं," म्हणाले.

आणि जेवायला लागले. कटकट नाही, विचारणा नाही. सुरू झालं का, संपलं का, काही नाही. साखर आटोक्यात आली. मला शनिवार मोकळा मिळायला लागला, दोन ब्लाउज जास्तीचे होऊ लागले. डॉक्टर खूश. पण माणूस कसा आतून बसत चालला, ते मी रोज बघत होते. शनिवारी संध्याकाळी दाराकडे तोंड करून नुसते बसायचे, हात मांडीवर ठेवून. मीच एकदा न राहवून म्हटलं, "आज साताऱ्याला आहे हो." ते म्हणाले, "असंल. पोरगं हाय की." त्यांना बरं वाटत होतं का वाईट, मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही असेल.

माघात, पहाटे झोपेतच गेले.

अंबादास आला. सगळं त्यानं नीट केलं, रडलाही खूप. अभिनंदन अंत्यविधीला होता, मागं उभा होता. खांदा द्यायला पुढं आला नाही, कुणी बोलावलंही नाही. राख सावडल्यावर न बोलता निघून गेला.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी अंबादासनं विषय काढला. "अक्का, हल्ली सगळे तिसऱ्या दिवशीच उरकतात. सुतक वगैरे आता कोण दहा दिवस धरतंय? कंपनीत ऑडिट आहे. दहाव्याला मी येऊन जातो परत."

"जा," मी म्हटलं. भांडायचं त्राण नव्हतं माझ्यात.

त्यानं बॅग भरून दारात ठेवली. स्टेशनला जायला गाडी सांगितली. बूट घालत होता तेवढ्यात माझा फोन वाजला. कौस्तुभ सर होते. आवाज चढलेला, पण मला सांभाळून बोलत होते.

"ताई, आबांचं कळलं, फार वाईट वाटलं. तेराव्याला मी येणारच आहे. पण आत्ता तुम्ही जरा अभिनंदनला समजवा. ओळीनं प्रयोग लागलेत, तिकिटं विकली गेलीत, आणि हा उभा राहायला तयार नाही. पायात चप्पल घालत नाही, जमिनीवर झोपतो, एक वेळ जेवतो. विचारलं तर म्हणतो, मला सुतक आहे!"

मी अंबादासच्या बुटांकडे बघत राहिले.

"ताई, ऐकताय ना? अहो, त्याचे वडील तिथं बार्शीत दुकानात बसलेत, चांगले ठणठणीत! रक्ताचं नाही, नात्याचं नाही. हा सुतक पाळतोय कुणाचं?"

फोनमधून आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. अंबादासनं बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं.

"माझ्या बापाचं," मी म्हटलं. "मी बाई, माझं कोण धरतंय? आमच्याकडं दुसरं कुणी पाळत नाहीये, सर. त्याला पाळू द्या."

मग सर म्हणाले, "किती दिवस?"

"दहा."

"बरं," ते म्हणाले, आणि या वेळी 'विचार करतो' म्हणाले नाहीत. प्रयोग रद्द झाल्याचं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं.

मी फोन ठेवला. बाहेर गाडी आली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. अंबादास उंबऱ्यात तसाच बसून होता. मग उठला, बाहेर जाऊन गाडीवाल्याशी काहीतरी बोलला आणि गाडी रिकामीच परत गेली.

तो आत आला, माझ्याकडे न बघता भिंतीला टेकून खाली बसला आणि पायातले बूट काढायला लागला.